ऑइल लेव्हलचा पिवळा दिवा परत परत लागतोय? सेन्सर बदलण्याआधी वायर बघा

डिपस्टिकवर ऑइल बरोबर, इंजिनचा आवाज नेहमीचा, तरी मीटरमध्ये ऑइल लेव्हलचा पिवळा दिवा येतो. सेन्सर बदलला की थोडे दिवस गप्प बसतो आणि मग एखाद्या दिवशी मांजरसुंब्याच्या घाटात परत पेटतो. लातूर, बीड, नांदेडकडे ही तक्रार पावसाळा सरून सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की जास्त ऐकू येते. त्यात चिखलाचा हात असतो आणि उंदराचाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. एकदा बदललेला सेन्सर पुन्हा ‘खराब’ निघाला, तर सेन्सरच्या मागे लागणं सोडा आणि वायरीच्या मागे लागा. नवा सेन्सर बसवताना कपलर, म्हणजे सेन्सरला वायरी जोडणारा प्लग, काढला जातो, परत दाबून लावला जातो. त्यात पिना एकमेकींवर घासून साफ होतात, वायर जागची हलते. दिवा जातो तो त्यामुळे, नाव मात्र नव्या सेन्सरचं होतं. पिना पुन्हा काळ्या पडल्या किंवा वायर पुन्हा जुन्या जागी टेकली की दिवा हजर.

आधी दिवा नीट ओळखा

लाल रंगाची तेलाची किटली म्हणजे ऑइल प्रेशर. पिवळी किटली किंवा ‘ऑइल लेव्हल’ असा मेसेज म्हणजे चेंबरमधलं (इंजिनच्या तळाच्या भांड्यातलं) ऑइल किती आहे त्याची सूचना. दोन्हींचे सेन्सर वेगळे, वायर वेगळी, जागाही वेगळी. प्रेशर स्विच बहुतेक गाड्यांत ऑइल फिल्टरच्या आसपास ब्लॉकवर असतो, लेव्हल सेन्सर ऑइल चेंबरला, बऱ्याचदा थेट तळाशी. आपल्याकडच्या कितीतरी लहान गाड्यांत लेव्हल सेन्सर नसतोच, फक्त प्रेशर स्विच असतो. तुमची गाडी त्यातली असेल आणि लाल दिवा लागत असेल, तर पुढचं वाचत बसू नका. इंजिन बंद करा, गाडी बाजूला घ्या आणि ओढून न्या. ‘पुढच्या फाट्यापर्यंत जाऊ’ म्हणत चालवलेल्या गाडीचं क्रँक-बेअरिंग कितीला पडतं ते बोअरिंगवाल्याला विचारा.

पिवळा दिवा असला तरी पहिलं काम डिपस्टिकचंच. गाडी सपाट जागेवर हवी. वाड्यापुढच्या उतारावर किंवा शेताच्या बांधाला एक चाक चढवून घेतलेलं माप धरू नये. इंजिन गरम करून बंद करा, पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, म्हणजे वरचं ऑइल खाली उतरतं. डिपस्टिक काढा, पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि मग वाचा. दोन खुणांच्या मध्ये असेल तर ठीक. खालच्या खुणेच्या खाली असेल तर दिवा खरं बोलतोय. त्याचे आभार माना आणि ऑइल कुठे जातंय ते शोधा.

वरच्या खुणेच्याही वर असेल तर? एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत हा प्रकार वाढला आहे. त्यांच्या सायलेन्सरमधला फिल्टर काजळी जाळण्यासाठी जास्तीचं डिझेल घेतो. गाडी रोज घर ते दुकान, दुकान ते घर एवढीच फिरत असेल तर हे जाळणं अर्धवट राहतं आणि थोडंथोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. लेव्हल वाढते, ऑइल पातळ होतं. डिपस्टिकचा वास घ्या, डिझेल लगेच कळतं. अशा गाडीत सेन्सर आणि वायर दोन्ही निर्दोष असतात. ऑइल बदला आणि आठवड्यातून एकदा गाडी हायवेला लांब पळवून आणा.

कोणता सेन्सर, किती वायरी

साध्या सेन्सरमध्ये एक तरंगता फ्लोट असतो, त्यात चुंबक. ऑइल खाली गेलं की फ्लोट खाली जातो आणि आतला छोटा स्विच उघडतो किंवा मिटतो. याला सहसा दोन वायरी. एकीवर इसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, आपला व्होल्टेज देऊन बसतो, दुसरी अर्थची, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसला परत नेणारी.

तीन वायरींचा सेन्सर इलेक्ट्रॉनिक असतो: एक सप्लाय, एक अर्थ, एक सिग्नल. त्यातही दोन तऱ्हा आहेत. एकात बारीक घटक ऑइलपेक्षा थोडा जास्त तापवतात आणि तो थंड व्हायला किती वेळ लागतो ते मोजतात. ऑइल भरपूर असेल तर पटकन थंड होतो, कमी असेल तर वेळ लागतो. दुसऱ्यात तळातून आवाजाच्या लहरी वर सोडतात, त्या ऑइलच्या पृष्ठभागावर आपटून परत येतात आणि त्या वेळेवरून उंची निघते. दोन्हींत सिग्नल साध्या व्होल्टेजचा नसतो, सतत चालू-बंद होणाऱ्या ठोक्यांचा असतो. म्हणून या सेन्सरला मल्टिमीटर ओहमवर लावून ‘रीडिंग दाखवत नाही, गेला’ म्हणणं चुकीचं आहे. ओहममध्ये त्याची परीक्षा होत नाही.

आता कोड, म्हणजे स्कॅनर इसीएममधून वाचतो तो बिघाडाचा नंबर. ‘स्कॅनर लावला, सेन्सरचा कोड आला’ एवढ्यावर सेन्सर मागवतात, इथेच पैसे वाया जातात. पी२५०ए म्हणजे सर्किटमध्ये बिघाड. पी२५०बी म्हणजे रीडिंग पटण्यासारखं नाही. पी२५०सी म्हणजे सिग्नल खाली बसलाय, पी२५०डी म्हणजे वर अडकलाय. पी२५०ई म्हणजे येतो-जातो. आणि पी२५०एफ तर सर्किटचा नाहीच, तो सांगतो की ऑइल खरंच कमी आहे. कंपन्यांचे स्वतःचे वेगळे कोडही असतात, पण अर्थ याच घरातले. यातल्या एकाही कोडमध्ये ‘सेन्सर बदला’ असं लिहिलेलं नसतं. कोड आत्ता चालू आहे की जुना साठलेला आहे हे बघा, आणि स्कॅनर दाखवत असेल तर कोड पडला तेव्हा स्पीड किती, आरपीएम किती, लोड किती होता तेही लिहून घ्या. येतो-जातो बिघाडात अर्धी केस तिथेच सुटते.

चढाला लागली की पेटणारी गाडी

लातूरच्या मार्केट यार्डातल्या एका अडत्याची डिझेल सेदान माझ्याकडे आली होती. त्याआधी दोन ठिकाणी सेन्सर बदलून झाला होता. मालक म्हणाले, “दादा, सपाटीला काहीच नाही बघा. चढाला लागली की पेटलालाय. तेल मागं सरकत असंल का?”

तर्क वाईट नव्हता. चढावर ऑइल चेंबरच्या मागच्या बाजूला जातंच. पण गाडी बनवणाऱ्यांनाही घाट माहीत असतात. इसीएम क्षणाक्षणाचं रीडिंग धरत नाही, काही काळाचं धरतो. शिवाय ऑइल सरकल्यामुळे दिवा येत असता, तर उतारावर किंवा करकचून ब्रेक मारल्यावरही कधीतरी यायला हवा होता. तसा तो येत नव्हता. फक्त इंजिनवर लोड आला की यायचा. स्कॅनरवर साठलेला कोड पी२५०सी, सिग्नल खाली. लोडमध्ये आणखी एक गोष्ट होते, ती म्हणजे इंजिन आपल्या माउंटिंगवर एका अंगाला झुकतं. सपाटीवर उभ्या गाडीत जी वायर अधांतरी असते, ती झुकलेल्या इंजिनात कशाला तरी टेकू शकते.

हे तपासायला घाटात जायची गरज नाही. चाकांना लाकडी ओंडके लावले, हँडब्रेक ओढला, एक माणूस सीटवर ब्रेक दाबून बसवला आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच हलका सोडायला लावला, इंजिन जरा दबेल एवढाच. गाडीपुढे आणि मागे कुणीही उभं राहायचं नाही. स्कॅनरवर ऑइल लेव्हलचा लाइव्ह आकडा उघडून ठेवला. इंजिन झुकलं की आकडा शून्याला, सोडलं की परत जागेवर.

मग टॉर्च घेऊन खाली शिरलो. अल्टरनेटरच्या खालच्या ब्रॅकेटवर सोयाबीनची टरफलं आणि बारदानाचे दोरे पडलेले. शेजारून जाणारी प्लास्टिकची खाचदार नळी कुरतडलेली. आत सिग्नलच्या वायरीचं कव्हर नखाएवढं सोललेलं, तांबं काळवंडलेलं, आणि ब्रॅकेटवर बरोबर तिथेच एक चकाकता ठिपका. गाडी रोज पोत्यांच्या थप्पीशेजारी उभी राहायची. वायर नीट केली, जुनाच सेन्सर परत लावला. बाकीचं काम उंदरांशी बोलून करायचं होतं, ते मालकांवर सोडलं. डांबरगोळ्या आणि तंबाखूची पानं बॉनेटमध्ये ठेवणारे पुष्कळ आहेत. माझ्या अनुभवात त्याचा परिणाम वास टिकेपर्यंत. गाडी धान्यापासून लांब लावणं हाच टिकाऊ उपाय.

कपलर काढून करायची परीक्षा

दोन वायरींच्या सेन्सरवर ही परीक्षा चांगली चालते, आणि काही न बदलता निकाल देते. कोड ‘सिग्नल खाली’ असेल तर इग्निशन चालू ठेवून सेन्सरचा कपलर काढा. रीडिंग लगेच दुसऱ्या टोकाला गेलं, म्हणजे ‘सिग्नल वर’ झालं, तर वायर आणि इसीएम ठीक, दोष सेन्सरच्या आत. कपलर काढूनही सिग्नल खालीच राहिला, तर सिग्नलची वायर वाटेत कुठेतरी बॉडीला टेकलीय, सेन्सरचा काही संबंध नाही. अडत्याच्या गाडीला तीन वायरी होत्या, पण विचार हाच होता.

कोड ‘सिग्नल वर’ असेल तर उलट करायचं. कपलरमधली सिग्नलची पिन फ्यूज असलेल्या बारीक जंपर वायरने अर्थला जोडा. रीडिंग खाली आलं तर वायर शेवटपर्यंत जिवंत आहे. मग सेन्सर आतून उघडा आहे किंवा त्याची अर्थ तुटली आहे. रीडिंग हललंच नाही तर सिग्नलची वायर मध्येच तुटली आहे. हे करण्याआधी त्या गाडीचा वायरिंग डायग्राम समोर हवा. कोणती पिन कशाची आहे हे रंगावरून ओळखायला जाऊ नका. सप्लायची पिन अर्थला लागली तर फ्यूज जाईल, आणि मग दोन बिघाड शोधायचे.

ठोक्यांचा सिग्नल देणाऱ्या सेन्सरचा कपलर काढला की इसीएमला फक्त ‘सिग्नल नाही’ एवढंच कळतं, त्यामुळे ही परीक्षा अपुरी पडते. तिथे आधी सप्लाय आणि अर्थ बघा, मग जमलं तर ऑसिलोस्कोप, म्हणजे सिग्नलचे ठोके पडद्यावर दाखवणारं यंत्र. स्कोप नसेल तर कपलर लावलेला ठेवून मागून बारीक टाचणी घाला आणि मल्टिमीटर डीसीवर लावा. आकडा अचूक कळणार नाही, पण सिग्नल शून्यावर मेलाय, बॅटरीच्या व्होल्टेजला चिकटलाय की मध्ये हालचाल करतोय, एवढं नक्की कळतं.

मल्टिमीटरचे बारा व्होल्ट फसवतात

सप्लायच्या पिनवर मल्टिमीटरने १२ व्होल्ट दिसले म्हणून वायर चांगली, असं होत नाही. मल्टिमीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. दहा तारांपैकी नऊ तुटून एकच उरली असेल तरी तो बारा दाखवणार. त्या वायरीला काम द्या. पाच वॉटचा पार्किंगचा बल्ब घ्या, सप्लायची पिन आणि बॅटरीचं मायनस यांच्यामध्ये लावा. बल्ब पेटलेला असताना त्याच्या दोन टोकांचं व्होल्टेज बॅटरीच्या जवळपास असायला हवं, दोन-तीन दशांशापेक्षा जास्त फरक नको. बल्ब मिणमिणला तर वायर किंवा फ्यूजचा सॉकेट गेलाय. बॉडीला थेट जाणाऱ्या अर्थचीही अशीच परीक्षा: बल्बचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं अर्थच्या पिनला. अर्थ इसीएममधून जात असेल, किंवा सप्लाय पाच व्होल्टचा असेल, तर बल्ब लावू नका. सिग्नलच्या वायरीवर तर कधीच नाही. इसीएममधून जाणाऱ्या अर्थसाठी सेन्सर जोडलेला ठेवून अर्थची पिन आणि बॅटरीचं मायनस यांमधला फरक मोजा. तो ०.१ व्होल्टच्या आत हवा.

अर्थचा दोष आपल्याकडे दोन वेळी उद्भवतो: डेंटिंग-पेंटिंगनंतर, कारण अर्थच्या बोल्टखाली रंग जातो, आणि गिअरबॉक्स किंवा क्लचचं काम झाल्यावर, कारण तो बोल्ट हातानेच फिरवून सोडून दिलेला असतो. मालकाला विचारा, दिवा पहिल्यांदा लागला त्याआधी गाडीचं कुठलं काम झालं होतं. या एका प्रश्नाने तासभर वाचतो.

वायर आतून तुटलीय का हे बघायचं असेल तर बॅटरीचं टर्मिनल काढा, इसीएमचा सॉकेटही काढा आणि टोकापासून टोकापर्यंत मोजा. एक ओहमच्या आत यायला हवं. मोजता मोजता वायर हलवा, विशेषतः कपलरच्या मानेशी. हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, आखूड पडला की इंजिनच्या प्रत्येक झटक्याला तिथेच ताण येतो. आतलं तांबं तुटतं, वरचं कव्हर शाबूत राहतं. हलकं ओढून बघा, जिथे कव्हर रबरासारखं लांबतं तिथे आत तार नाही.

चिखल, पाणी आणि कपलर

काळ्या मातीचा चिखल चेंबर आणि खालच्या गार्डच्या मधल्या फटीत जाऊन बसतो. इंजिनच्या उष्णतेने तो वरून विटेसारखा भाजून निघतो, आतून मात्र ओल धरून ठेवतो. सेन्सरचा कपलर नेमका त्यात पुरलेला. वॉशिंग सेंटरवाला मग जोराच्या पाण्याने तो काढतो आणि पाणी कपलरच्या रबरातून आत घालतो. पिनांवर हिरवट थर धरला की रीडिंग भरकटतं. गार्ड काढा, चिखल हाताने खरवडा, कपलर उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि पूर्ण सुकू द्या. पेट्रोल-डिझेलने धुऊ नका, रबर फुगतं. पॉलिश पेपरही नको, पिनेवरचा मुलामा जातो.

कपलरमध्ये पाण्याऐवजी ऑइल निघालं तर मात्र सेन्सर बदलावाच लागतो. त्याचं सील आतून गेलेलं असतं आणि ऑइल पिनांतून वायरीच्या तारांमध्ये चढत जातं, कधी कधी हातभर लांब. सेन्सर बदला, वायरीचा तेलकट झालेला भाग कापून नवा जोडा, नाहीतर तेच ऑइल परत कपलरमध्ये उतरतं आणि नवा सेन्सर गळतोय असं वाटतं.

पिनांची पकडही बघा. तपासताना मल्टिमीटरची जाड सुई घुसवल्यामुळे माद्या, म्हणजे पिना ज्यात बसतात त्या खाचा, पसरतात. त्याच मापाची सुटी पिन घालून बाहेर ओढा, थोडी अडकत यायला हवी. सुळकन आली तर मादी बदला, नुसती पक्कडीने दाबून भागत नाही.

सेन्सर काढायचाच असेल तर ऑइल बदलायच्या वेळी काढा, म्हणजे ऑइल वाया जात नाही. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. फ्लोटवाला असेल तर हातात उलटा-सुलटा करून मल्टिमीटरवर स्विच उघडतो-मिटतो का बघा. ऑइल वेळेवर न बदललेल्या गाडीत गाळ बसून फ्लोट अडकलेला सापडतो, तो धुऊन चालतो. नवी ओ-रिंग घाला. चेंबर ॲल्युमिनियमचं असेल तर बारीक स्क्रू जोर लावून आवळू नका, आटे गेले की सेन्सरच्या कितीतरी पट खर्च पुढे येतो.

वायर जोडताना पीळ मारून काळी टेप गुंडाळणं गाडीखाली टिकत नाही, एका पावसात सुटते. सोल्डर करा, आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह चढवा, वर खाचदार नळी घाला, इंजिन हलेल एवढी ढील ठेवा आणि जुन्या क्लिपातच अडकवा. सायलेन्सरच्या जवळून नेऊ नका.

नंतर कोड पुसा आणि तीच लोडची परीक्षा परत करा. काही युरोपियन गाड्यांमध्ये एक गंमत आहे: ऑइल टाकल्याची किंवा तपासल्याची खूण म्हणून गाडी बॉनेट उघडल्याची नोंद बघते आणि मगच लेव्हलचा इशारा मागे घेते. बॉनेटच्या लॉकमधला छोटा स्विच गंजलेला असेल तर वायर नीट होऊनही दिवा जात नाही, आणि तुम्ही विनाकारण चेंबरखाली परत शिरता. बॉनेट उघडल्याचं चिन्ह मीटरमध्ये येतंय का, एवढं वरूनच बघून घ्या. आणि आधी कुणी सेन्सर बदलला असेल, तर काढलेला जुना मालकांकडून मागून तपासा. बहुतेक वेळा तो चांगला निघतो, डिकीत ठेवून द्यायला सांगा.